तांदळातलं नाव आणि मुलीचा व्हिसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बडोद्याहून लिहितेय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा कमी असेल तर इकडचं तिकडचं कापा, पण नावांबद्दल जे लिहिलंय तेवढं कृपा करून राहू द्या, त्यासाठीच लिहायला बसलेय.

सध्या आमच्याकडे दांडिया बाजारात काय, रावपुऱ्यात काय नि कारेलीबागेत काय, हळदीकुंकवाला कुठल्याही मराठी घरी गेलं तरी विषय एकच, मुलं बाहेर शिकायला चाललीत. आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, किती बँड आले, कुठला देश, लोन कोणत्या बँकेचं, डिपॉझिट किती भरलं, सगळं बोलतात. पण घरातल्या कपाटातले कागद एकदा बाहेर काढून त्यावरची नावं एकाखाली एक लावून बघितलीत का, हे कोणी कोणाला विचारत नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं. आणि मी तर चोवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई, मुलांचे दाखले रोज हाताखालून जायचे.

गेल्या वर्षीची गोष्ट. मुलगी इथल्याच एम.एस. युनिव्हर्सिटीतून, कलाभवनातून म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंगच्या विभागातून इंजिनिअर झाली, दोन वर्षं हालोलला कारखान्यात नोकरी केली आणि मग इंग्लंडच्या एका युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या एम.एस्सी.ला तिला ॲडमिशन मिळाली, सप्टेंबर २०२५ ची. खर्च आम्ही वहीत मांडलेला होता. व्हिसाची फी तेव्हा ५२४ पौंड, तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड पण एक वर्षाच्या कोर्सलाही व्हिसा वर्षाहून जास्त मिळतो म्हणून तो होतो ११६४, आणि राहण्याखाण्याचे लंडनबाहेर महिन्याला ११३६ पौंड असे नऊ महिन्यांचे १०२२४ पौंड खात्यात दाखवायचे, शिवाय भरायची राहिलेली फी. लंडनमध्ये असेल तर तेव्हा महिना १४८३ होते. हे आकडे बदलत असतात, नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेरचा ११७१ झाला, तेव्हा ज्याला जायचंय त्यानं अर्ज भरायच्या आठवड्यात तिकडच्या सरकारी साईटवर स्वतः बघावं, शेजारच्यांच्या मुलाला गेल्या साली काय लागलं ते धरून चालू नये.

पैसे होते माझ्या नावावर. रिटायर झाल्यावर मिळालेली ग्रॅच्युइटी आणि त्यात आधीची बचत. इथे पहिली गोष्ट कळली ती ही की पैसे मुलाच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्याच खात्यात लागतात. आपल्याकडे काका म्हणतात माझी एफडी दाखव, मामा म्हणतो माझं स्टेटमेंट घे, मनापासून म्हणतात, पण ते धरत नाहीत. पीएफ धरत नाहीत, शेअर धरत नाहीत, सोनं नि प्लॉट तर नाहीच. लोन बँकेचं असेल तर त्याचं पत्र चालतं आणि त्याला २८ दिवसांची भानगड नाही. पण रोख दाखवायची असेल तर ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे, एक दिवससुद्धा खाली यायला नको, आणि त्या स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत पाहिजे.

आमच्या हातून तिथेच एकदा चुकलं. काही रक्कम एफडीत होती आणि बाकीची सेव्हिंगमध्ये, अगदी मोजून मापून ठेवलेली. एकोणिसाव्या दिवशी एलआयसीचा हप्ता आपोआप कापला गेला. मुलगी पासबुकावर पट्टी ठेवून एकेक ओळ बघत होती आणि त्या ओळीवर येऊन थांबली. हप्ता फार मोठा नव्हता, पण रक्कम खाली आली ती आलीच, दुसऱ्या दिवसापासून परत एक, दोन, तीन असं मोजायला घेतलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की लागतात त्याच्यापेक्षा लाखभर तरी जास्त ठेवा आणि त्या खात्याला लाईटबिल, हप्ता, काही म्हणजे काही जोडलेलं नको. पौंडाचा भावही रोज हलतो, आणि ते लोक अर्जाच्या दिवशीचा ओआंडा नावाच्या चलनाचे भाव देणाऱ्या साईटवरचा भाव धरतात, आपल्या बँकेचा नाही.

पण हे पैशाचं झालं, ते आज ना उद्या जमतं. खरं अडलं ते पुढे.

पैसे आईचे दाखवायचे तर ही बाई खरंच हिची आई आहे हे कागदावर दाखवावं लागतं. मुलीचा जन्मदाखला द्यायचा, त्यावर आईबापाचं नाव पाहिजे, आणि सोबत माझं पत्र की होय, ही माझी मुलगी, हे पैसे वापरायला माझी परवानगी आहे. मला वाटलं त्यात काय एवढं. कपाटातून जन्मदाखला काढला. २००२ चा, इंदूरचा, हिंदीतला, घड्यांवर विरलेला.

माझं माहेर इंदूरचं. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, त्याप्रमाणे सातव्या महिन्यात गेले. दवाखान्यात नाव सांगितलं माझ्या वडिलांनी, आणि ज्या नावानं त्यांनी मला वाढवलं तेच नाव त्यांच्या तोंडी आलं, आडनावासकट. त्यांची काही चूक नाही हो त्यात. घरात बाळ आलेलं, दाखल्याकडे कोण बघतंय, फाईलला लावला नि ठेवून दिला. पण लग्नात माझं नाव बदललेलं होतं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं नवीन नाव लिहिलं, आत्याबाईंनी मोठ्यानं वाचलं, पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून रेशनकार्ड, बँक, शाळेतली नोकरी, पॅन, आधार, सगळीकडे ते तांदळातलं नाव. मुलीच्या पासपोर्टवरही आईच्या रकान्यात तेच.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलीनं दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तिचा जन्मदाखला आणि माझी एफडीची पावती. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं, एकही अक्षर जुळत नव्हतं. ती म्हणाली, आई, कागदावर तू माझी कोणीच लागत नाहीस. बोलून गेली आणि तिचाच चेहरा उतरला. मला त्या रात्री झोप लागली नाही, पंचवीस वर्षं जे नाव लावलं ते माझं आणि जे आईवडिलांनी ठेवलं तेही माझंच, आणि दोन्ही मिळून मी एकच बाई आहे हे आता मलाच सिद्ध करायचं होतं.

आधी एका कन्सल्टंटकडे गेलो. कोण, कुठला ते लिहीत नाही. त्यानं दाखला बघितला नि म्हणाला, चालशे बेन, एमां कंई वांधो नहीं, म्हणजे चालेल ताई, त्यात काही अडचण नाही. आम्ही म्हटलं असं कसं चालेल, नियमात तर लिहिलंय. मग हळूच म्हणाला की तसं वाटत असेल तर दुसरा दाखला ‘सेट’ करून देऊ, पैसेही कमी पडत असतील तर २८ दिवसांपुरते कोणाचे तरी खात्यात टाकू, शेकडा कमिशनवर. आम्ही उठलोच तिथून. हे उठले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते रागानं. खोटा कागद दिला असं तिकडे ठरलं तर दहा वर्षं त्या देशाची दारं बंद होतात, आणि त्या वेळी कन्सल्टंटचं नाव कुठेच नसतं, अर्जाखाली सही आपल्या मुलाची असते. कॅनडात २०२३ साली खोट्या ॲडमिशन लेटरचं प्रकरण निघालं होतं ते आठवा, त्यातली कितीतरी मुलं शिकून नोकरीला लागल्यावर त्यांना घरी पाठवायच्या नोटिसा आल्या, पत्र खोटं आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हतं असं ती पोरं सांगत होती. माझं तर म्हणणं आहे की अर्ज मुलानं स्वतः भरावा, प्रत्येक रकाना. सल्ला घ्या, पैसे देऊन घ्या, पण टायपिंग आपल्या पोराचं पाहिजे. आमच्या मुलीनं सगळा स्वतः भरला, त्यामुळे युनिव्हर्सिटीनं व्हिडिओवर मुलाखत घेतली, खर्च कोण करणार, हाच कोर्स का, विषय कोणते, तेव्हा ती अडखळली नाही.

मग सरळ रस्त्यानं गेलो. रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसनं मी नि मुलगी इंदूरला. तिथे नोंदणीच्या कामाला बसलेल्या एका बाईंनी मला फार नीट समजावलं, त्यांचे उपकार आहेत. म्हणाल्या, मूळ नोंद आम्ही खोडत नाही, कायद्यानं खोडता येत नाही, दुरुस्ती करायची तर नोंदीच्या कडेला समासात करतात आणि त्यालाही पुरावा लागतो, तुमच्या लग्नाचं सर्टिफिकेट कुठंय? ते तर नव्हतंच. आमच्या वेळी लग्न लागलं की लागलं, पत्रिका आणि अल्बम हाच पुरावा. त्यांनी दाखल्याची ताजी नक्कल तेवढी दिली आणि आम्ही परत बडोद्याला.

गुजरातमध्ये लग्न नोंदणीचा कायदा २००६ चा आहे, जुनं लग्नही नोंदवता येतं, पण पत्रिका लागते, साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजी! पंचवीस वर्षांपूर्वीचे. विचारत विचारत बाबाजीपुऱ्यात पत्ता लागला. ऐंशीच्या पुढचे, खाटेवर बसून होते, डोळ्यांना कमी दिसतं. मी लग्नपत्रिका त्यांच्या हातात दिली तर त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचली, मुहूर्तासकट, आणि म्हणाले, गोरज मुहूर्त होता, पाऊस आला होता मांडवात. आला होता खरंच. सुनेनं पाटी धरली, त्यांनी एकेक अक्षर थांबत थांबत सही केली, आणि दक्षिणा काही केल्या घेईनात. मुलगी त्यांच्या पाया पडली तेव्हा मला रडू आवरेना.

ते सर्टिफिकेट आलं, त्यात वधूचं लग्नाआधीचं नाव आहे, त्याच्यासोबत नोटरीकडचं ॲफिडेविट की ही नि ती एकच व्यक्ती, हिंदी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, तेही ज्यानं केलं त्याच्या सही, तारीख, पत्त्यासकट आणि हे बरोबर आहे असं त्यानं लिहून दिलेलं, आणि माझं पत्र. एवढं सगळं जोडलं. बाकीचं पटापट झालं, टीबीची छातीची एक्सरे तपासणी, तिचं सर्टिफिकेट सहा महिनेच चालतं म्हणून फार आधी करू नये, मग अहमदाबादला बोटांचे ठसे नि फोटो, आणि तीन आठवड्यांच्या आत ईमेल आला. आता पासपोर्टात पूर्वीसारखं स्टिकर नसतं, ई-व्हिसा असतो. मुलगी गेली, थंडीला नावं ठेवतेय पण मजेत आहे.

पण त्या दोन महिन्यांत मी जे बघितलं त्यामुळे गप्प बसवत नाही. मुलीच्या मैत्रिणी, त्यांचे भाऊ, जो तो फाईल घेऊन आमच्याकडे येऊ लागला आणि प्रत्येक फाईलमध्ये नावाचं काहीतरी होतंच. आपण गुजरातेत राहतो, इथे मायेनं प्रत्येकाला भाई नि बेन लावतात, ते कानाला गोडही लागतं, पण ते कागदात जातं. वडिलांचं नाव सुरेश असेल तर दहावीच्या मार्कशीटवर सुरेशभाई, आधारवर सुरेश, बँकेत सुरेशकुमार. आईच्या नावामागे एकीकडे बेन, दुसरीकडे नुसतं नाव, तिसरीकडे बाई. वर आपली मराठी आडनावं इंग्रजीत लिहायची तऱ्हा, या शहरात गायकवाड हे नाव तरी किती प्रकारांनी लिहिलेलं दिसतं बघा. शाळेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, त्यामुळे कोणाच्या गिव्हन नेममध्ये, म्हणजे आडनाव सोडून उरलेल्या नावाच्या रकान्यात, बापाचं नाव आहे, कोणाच्या नाही. एका मुलाची तर मार्कशीट, डिग्री आणि पासपोर्ट तिन्ही वेगळी. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला चालशे म्हटलेलं.

आणि यात माझाही हात आहे हे मला लिहिलंच पाहिजे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पहिलीच्या मुलांची नावं मी स्वतःच्या अक्षरात चढवलीत. घाईत पालक सांगतील तसं, कधी आपल्या सवयीनं भाई जोडून. तेच रजिस्टर पुढे लीविंग सर्टिफिकेटवर उतरतं, तेच बोर्डाच्या फॉर्मवर, तिथून मार्कशीटवर. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी शाळेत सांगून दुरुस्त करणं सोपं असतं, एकदा बोर्डाची मार्कशीट छापून आली की मग तीच दुरुस्ती करायला मुलाचं आणि बापाचं तोंडचं पाणी पळतं. माझ्या शिक्षिका मैत्रिणींना हात जोडून सांगते, नाव लिहिताना जन्मदाखला मागा आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवा, मायेचं भाई-बेन तोंडात राहू द्या.

ज्यांची मुलं आत्ता पाळण्यात आहेत त्यांनी तर जास्तच जपावं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारलेला कायदा लागू झालाय, त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागणार. बाळंतपण माहेरी असो की सासरी, दवाखान्याच्या फॉर्मवर आईचं नाव तिच्या आधारवर आहे तेच लिहिलंय ना, हे बाळाच्या बापानं स्वतः उभं राहून बघावं. आणि मुलीचं नाव लग्नात बदलायचंच असेल तर हौस म्हणून तांदळात लिहा, गोड वाटतं, मीही हौसेनंच घेतलं होतं, पण तिची डिग्री, पासपोर्ट, बँक जे आहे त्याला हात लावू नका. बदलायचं तिला स्वतःलाच असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट पहिल्या महिन्यात काढा, गुरुजी हिंडते फिरते असताना.

बडोद्याला बाहेर शिकायला पाठवणं नवीन नाही. याच संस्थानानं १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर. महाराजांनी नुसते पैसे दिले नाहीत, कोणाला काय शिकायला कुठे पाठवायचं याचा विचार दरबारात व्हायचा. आज पैसे आपल्या घरचे किंवा बँकेचे आहेत, पण माहिती सांगणारं आपलं माणूस कोणी नाही, म्हणून पोरं पाटी दिसेल त्या ऑफिसात शिरतात. आपली इतकी मंडळं आहेत इथे, गणपती, दिवाळी पहाट, नाट्यवाचन सगळं उत्तम करतात, त्यात बँकेतून रिटायर झालेले आहेत, कोर्टातले आहेत, शाळांतले आहेत. महिन्यातून एका रविवारी एक टेबल टाका आणि आठवी-नववीच्या मुलांच्या आईबापांना नुसते कागद घेऊन बोलवा. व्हिसाचं नंतर, आधी नावं जुळवून द्या. आपल्या पेपरलाही विनंती आहे, दहावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत यावर एक चौकट छापा, इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनाही ती लागेल, कारण माहेर तिकडे नि सासर इकडे अशा आपल्या कितीतरी जणी आहेत.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं सुरू केलंय. रविवारी सकाळी दहा ते बारा घरी असते. मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट असेल तर तो, आणि आईवडिलांचं आधार, एवढं घेऊन या, झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. एकही पैसा घेत नाही. माझा पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, कोणी मागितला तर खुशाल द्यावा. मागच्या रविवारी सहावीतल्या एका मुलीची आई आली होती, तिच्या फाईलमध्ये दोनच ठिकाणी बेन निघालं, सोमवारी शाळेत जाऊन अर्ज देते म्हणाली.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे